बारा अंशांचे गाव

सांगली,
दि. ३ ऑक्टोबर

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आम्ही दोघे सुखरूप घरी पोहोचलो हे तुला फोनवर कळले आहेच. तरीही हे पत्र लिहीत आहे, कारण तू चेक प्रजासत्ताकातल्या प्लझेनविषयी विचारलेस तेव्हा तुझ्या आईने ‘छान होते, थंडी फार होती’ एवढेच सांगून फोन माझ्या हाती दिला आणि मीही ‘सविस्तर लिहितो’ म्हणून वेळ मारून नेली. ऐन वेळी तुझी रजा रद्द झाली आणि तुला म्युनिकहून येता आले नाही, याचे मनाला लावून घेऊ नकोस. तू बरोबर असतास तर आम्ही तुझ्या मागून मुकाट्याने फिरलो असतो. तू नव्हतास म्हणून नकाशा मला वाचावा लागला आणि दोनदा रस्ता चुकल्याचे श्रेयही माझ्याच पदरी पडले.

‘बिअरच्या गावात तुम्ही काय करणार, बाबा?’ असे तू हसत विचारले होतेस. प्रश्न रास्त होता. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझी बत्तीस वर्षे गेली, शेजारीच डिस्टिलरी होती, पण मी त्या वाटेला कधी गेलो नाही. मात्र प्रागहून सुमारे दीड तासाच्या प्रवासानंतर प्लझेनच्या स्थानकावर उतरलो, तेव्हा हवेत जो गोडसर, भाजक्या धान्याचा वास होता, त्याने मला थेट गाळप हंगामातल्या सकाळची आठवण करून दिली. तुझ्या आईला माहेरच्या गुऱ्हाळाची काहील आठवली. ज्या गावाला वासावरून ओळखता येते, ते गाव आपल्याला अगदीच परके नसते.

या गावाला जर्मन लोक पिल्सेन म्हणतात आणि त्यावरूनच ‘पिल्सनर’ हे बिअरचे नाव जगभर झाले. राजा दुसरा वात्स्लाव्ह याने १२९५ मध्ये हे नगर वसवले आणि सुमारे २६० नागरिकांना बिअर गाळण्याचा हक्क दिला, असे सांगतात. हा हक्क माणसाला नव्हे, तर घराला चिकटलेला असे. आपल्याकडचे वतन म्हण ना. घर विकले की हक्कही नव्या मालकाकडे जाई. अशी शेकडो वर्षे घरोघरी बिअर तयार होत राहिली आणि जिथे प्रत्येक जण आपापल्या परीने माल काढतो, तिथे जे व्हायचे तेच झाले. १८३८ मध्ये माल इतका नासका निघाला की, नगरभवनासमोरच्या चौकात ३६ पिंपे सर्वांदेखत ओतून देण्यात आली.

मी त्या चौकात उभा राहून हे वाचत होतो तेव्हा मला त्या नासक्या पिंपांचे नवल वाटले नाही. माल नासतो, आमचाही नासत असे. नवल वाटले ते याचे, की तो सर्वांसमक्ष ओतला गेला. आमच्या काळी एखाद्या खेपेचा रंग बिघडला की पहिला विचार तो कुठे खपवता येईल याचाच होई, हे मी तुला आज प्रामाणिकपणे सांगतो. या लोकांनी चौकात माल ओतला आणि त्यानंतर हक्कदार घरमालकांनी एकत्र येऊन सगळ्यांच्या मालकीचा एकच कारखाना उभारायचे ठरवले. १८३९ मध्ये ठराव झाला, १८४२ मध्ये कारखाना उभा राहिला. प्रवरेकाठी शेतकऱ्यांनी भागभांडवल जमवून साखर कारखाना काढला, त्याच्या शंभरेक वर्षे आधीची ही गोष्ट आहे. त्याला सहकार हे नाव नव्हते एवढेच. आजचा मालक मात्र जपानी आहे. आसाही कंपनीने तो २०१७ मध्ये घेतला.

कारखान्यासाठी त्यांनी जो माणूस आणला, तो तुझ्याच बव्हेरियातला. डॅन्यूबकाठच्या फिल्सहोफेन गावचा योसेफ ग्रोल. त्याच्या सख्ख्या बापानेच त्याला ‘बव्हेरियातला सर्वांत उद्धट माणूस’ म्हटले होते, अशी आख्यायिका आमच्या वाटाड्या मुलीने सांगितली, तेव्हा तुझ्या आईने माझ्याकडे जे पाहिले ते मी इथे लिहीत नाही. ग्रोलने ५ ऑक्टोबर १८४२ रोजी पहिली खेप उकळली आणि ११ नोव्हेंबरला, सेंट मार्टिनच्या सणाला, ती लोकांसमोर आली. तोवर तिथली बिअर म्हणजे काळपट, गढूळ पेय. ही मात्र सोनेरी आणि आरपार दिसणारी होती. काचेचे पेले तेव्हा नुकते सामान्य माणसाच्या आवाक्यात येऊ लागले होते आणि बोहेमियाची, म्हणजे याच प्रांताची, काच तर प्रसिद्धच. त्यामुळे लोकांनी ही बिअर आधी डोळ्यांनी प्यायली असणार.

हा रंग आला कुठून, हे समजून घेण्यात मी सर्वांत जास्त वेळ घालवला आणि आमच्या गटातील इतर मंडळी माझ्या प्रश्नांना कंटाळली. बार्ली भिजवून तिला मोड आणतात आणि ते मोड वाळवतात. त्याला माल्ट म्हणतात. जुन्या पद्धतीत ते धुराच्या आचेवर करपत असत, तर इथे इंग्लंडमधल्या पद्धतीप्रमाणे गरम हवेवर हळुवार वाळवल्यामुळे दाणा फिकट राहिला. पण खरी किमया पाण्याची. प्लझेनचे पाणी विलक्षण मऊ आहे, त्यात क्षार जवळपास नाहीतच. ज्याने आयुष्यभर इव्हॅपोरेटरच्या, म्हणजे रस आटवण्याच्या यंत्राच्या, नळ्यांवर बसणारी क्षारांची खपली खरवडून घेतली, त्याला या एका वाक्याचा हेवा वाटल्यावाचून राहणार नाही. कडक पाण्यात रंग गडद होतो आणि हॉप्सचा कडवटपणा जिभेला बोचतो. मऊ पाण्यात तो स्वच्छ उतरतो. हे हॉप्स म्हणजे एका वेलीची कडवट, सुगंधी बोंडे. ती उत्तरेकडच्या झातेत्स परिसरातून येतात आणि तिथल्या हॉप्सच्या मळ्यांना २०२३ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली आहे.

माल्टचे मिश्रण शिजवताना त्याचा काही भाग वेगळ्या तांब्याच्या भांड्यात काढून उकळतात आणि पुन्हा मूळ भांड्यात ओतून सगळ्याचे तापमान चढवतात. हे एकदा नव्हे, तीनदा. तापमापक नसतानाच्या काळातली ही युक्ती आहे. आज ती करण्याची काही गरज नाही, इंधनही जास्त लागते, पण चवीसाठी ती त्यांनी सोडलेली नाही.

आता मला सर्वांत आनंद देणारी गोष्ट सांगतो. चेक लोक बिअर ‘दहाची’ किंवा ‘बाराची’ म्हणून मागतात. मला वाटले, हे मद्याचे प्रमाण असेल. तसे ते मुळीच नाही. आंबवण्यापूर्वीच्या रसात किती टक्के विद्राव्य पदार्थ, म्हणजे मुख्यतः साखर आहे, त्याचा हा आकडा. म्हणजे आमचा ब्रिक्सच की! प्रागमधले रसायनशास्त्राचे प्राध्यापक कार्ल बॅलिंग यांनी १८४३ मध्ये हे कोष्टक मांडले आणि त्याचेच पुढे अडॉल्फ ब्रिक्स यांनी फेरगणित केले. मी बत्तीस वर्षे उसाच्या रसात जो काचेचा तरंगमापक बुडवून आकडे टिपत होतो, त्या आकड्यांचे आजोळ इथे आहे, हे मला साठी उलटल्यावर कळले. प्लझेनची मूळ बिअर बाराची, म्हणजे बारा अंशांची. तिच्यात मद्य ४.४ टक्के. आपला पिकलेला ऊस अठरा-वीसपर्यंत जातो, हे मी त्या मुलीला जरा अभिमानानेच सांगितले.

कारखान्याच्या प्रवेशद्वाराचे चित्र तू बाटलीवर पाहिले असशील. ती दुहेरी कमान १८९२ मध्ये, पन्नास वर्षे पूर्ण झाली तेव्हा बांधली. बाटलीवर नाव असते ‘पिल्सनर उर्क्वेल’. जर्मन भाषेत ‘उर्क्वेल’ म्हणजे मूळ झरा. हे नाव त्यांनी १८९८ मध्ये नोंदवले, कारण तोवर जो तो आपल्या मालाला पिल्सनर म्हणू लागला होता. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळवण्यासाठी आपल्या लोकांनी केलेली खटपट आठवून पाहा, म्हणजे त्यांची तळमळ कळेल.

शेवटी तळघरात नेतात. कारखान्याखाली नऊ किलोमीटर लांबीची भुयारे खणलेली आहेत. यंत्राने गारवा करण्यापूर्वी हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवरचा बर्फ कापून इथे साठवत. आजही आत पाच-सहा अंश तापमान असते आणि तुझ्या आईच्या अंगावर फक्त शाल होती, म्हणून तिला थंडीच जास्त लक्षात राहिली. तिथे आतून राळेचा लेप दिलेली ओकची प्रचंड पिंपे ओळीने मांडलेली आहेत. नव्वदच्या दशकात सगळे उत्पादन पोलादी टाक्यांत गेले. तरीही थोडी बिअर जुन्या रीतीने लाकडातच मुरवतात आणि टाकीतल्या मालाची चव तिच्याशी ताडून पाहतात. तुलनेसाठी जपलेला नमुना! आम्ही तो बाटलीत ठेवत असू, यांनी भुयारात ठेवला आहे.

तिथल्या माणसाने पिंपाची तोटी फिरवून सर्वांना न गाळलेली बिअर दिली. मी पेला घेतला, बाळ. आधी वास घेतला, मग उजेडात धरला, आणि मग प्यालो. सगळा नाही, अर्धा. आधी पावासारखी गोडी, मग कडवटपणा, आणि तो जिभेवर रेंगाळला तरी बोचला नाही. पाण्याचा मऊपणा कागदावर वाचला होता, तो असा प्रत्यक्ष कळला. तुझ्या आईने पाहून न पाहिल्यासारखे केले. पण संध्याकाळी एका खाणावळीत ‘म्लीको’ म्हणजे दूध असे कळल्यावर तिने मोठ्या विश्वासाने एक म्लीको मागवले आणि समोर आला तो बिअरच्या फेसाने काठोकाठ भरलेला पेला! तो ओतण्याचा तिथला एक प्रकार आहे. तिने चमचाभर फेस चाखला, गोड आहे म्हणाली आणि पेला माझ्याकडे सरकवला.

त्या भुयारात मला तुझ्या वसतिगृहातली खोली आठवली. दुसऱ्या वर्षाला असताना मी न कळवता आलो होतो आणि खिडकीत एक रिकामी बाटली होती. मी तुझ्याशी चार दिवस बोललो नाही. बाटली कुणाची होती हेसुद्धा विचारले नाही. विचारायला हवे होते.

गावाविषयीही थोडे लिहितो. मोठ्या चौकाच्या मध्यभागी सेंट बार्थोलोम्यू कॅथीड्रल आहे. त्याचा मनोरा १०२ मीटरहून उंच, देशातल्या चर्चच्या मनोऱ्यांत सर्वांत उंच. ३०१ पायऱ्या चढून मी वर गेलो, आई खाली बाकावर बसली. चौकाच्या कोपऱ्यांत सोनेरी कारंजी आहेत. त्यांतले एक उंटाचे आहे, असे सांगितल्यावरच ते कळते. युरोपच्या मध्यावर उंट कसा, तर १४३३-३४ मध्ये हुसाइट, म्हणजे धर्मसुधारक यान हुसच्या अनुयायांच्या, सैन्याने गावाला वेढा घातला होता, तेव्हा गावकऱ्यांनी बाहेर पडून शत्रूचा उंट पळवून आणला, आणि सम्राट सिगिस्मुंडने तो नगराच्या मानचिन्हात बसवला.

चौकापासून थोड्या अंतरावर १८९३ मध्ये पूर्ण झालेले ज्यूंचे प्रार्थनामंदिर आहे. युरोपात आकाराने दुसरे. इमारत युद्धातून वाचली, माणसे वाचली नाहीत. जानेवारी १९४२ मध्ये या गावातून अडीच हजारांहून अधिक ज्यूंना तेरेझीनच्या नाझी छावणीत नेण्यात आले, त्यांतले फार थोडे परतले. आम्ही तिथे बराच वेळ बसलो. दोघेही काही बोललो नाही.

श्कोडाचे कारखानेही याच गावचे. चेक भाषेत ‘श्कोडा’ म्हणजे नुकसान किंवा ‘अरेरे’, हे ऐकून मला हसू आले. एमिल श्कोडाने १८६९ मध्ये हा कारखाना विकत घेतला आणि पुढे तोफांसाठी तो गाजला, पण साखर कारखान्यांची यंत्रेही तिथे बनत. तोफांमुळेच एप्रिल १९४५ मध्ये त्यावर बाँब पडले. ६ मे रोजी अमेरिकन सैन्य गावात आले. पुढची चाळीस वर्षे, कम्युनिस्ट राजवटीत, ही गोष्ट उघडपणे बोलायची सोय नव्हती.

आणि बाहुल्यांचे संग्रहालय. ते तू चुकवू नकोस. योसेफ स्कूपा यांनी १९२० मध्ये इथे स्पेय्बल नावाची कळसूत्री बाहुली रंगभूमीवर आणली: टक्कल, मोठे कान, अंगात शेपटीचा कोट, पायांत लाकडी बूट, आणि सगळे कळते असा आव आणणारा बाप. सहा वर्षांनी त्याला हुर्वीनेक हा मुलगा आला, जो बापाला सतत प्रश्न विचारून कोंडीत पकडतो. दोघांचेही आवाज स्कूपाच काढत. आपल्याकडे अर्धवटरावांशी गप्पा मारणारे पाध्ये पाहिलेत, त्यांतलीच ही जात. पण इथे बापाचा जाड आवाज आणि मुलाचा चिरका आवाज एकाच घशातून निघून एकमेकांशी हुज्जत घालत असत. पुढे गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, स्कूपा यांना अटक केली, तेव्हा या दोन बाहुल्याही त्यांनी तिजोरीत कोंडून ठेवल्या होत्या.

म्युनिकहून प्रागला जाणारी थेट गाडी प्लझेनला थांबते, हे मी वेळापत्रकात पाहून ठेवले आहे. पुढच्या रजेत तिथे उतर. भुयारात जाताना स्वेटर घाल.

दुकानातून बाप-लेकाची जोडी घेतली आहे. स्पेय्बल इथे टीव्हीशेजारी टांगला आहे. हुर्वीनेक मेतकुटाच्या पार्सलमधून तुझ्याकडे येईल. दोरे गुंतू नयेत म्हणून तुझ्या आईने ते वेगळे करून वर्तमानपत्रात गुंडाळले आहेत, तेव्हा पार्सल घाईने फाडू नकोस.

तुझा,
बाबा