ऑपरेशनला पैसे, मशीनला नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतला झोपेच्या विकारांवरचा लेख वाचला. 'घोरणे अंगावर काढू नका, वेळीच तपासणी करा' हा सल्ला बरोबरच आहे. पण ती तपासणी आणि पुढचे मशीन कोणाच्या पैशाने, एवढे मात्र लेखात राहून गेले. आमच्या घरात घोरणे तीन पिढ्यांचे आहे, म्हणून लिहितो.

आजोबा ओसरीवर झोपायचे. शेजारी म्हणायचे, "अण्णा झोपायच्या आत आपण झोपून घ्या." वडिलांची कराडला पिठाची गिरणी होती. पट्टा फिरतोय, जाते घरघरतेय आणि हे स्टुलावर पेंगताहेत. गिऱ्हाईक डबा आपटून त्यांना उठवायचे. रात्री त्यांचे घोरणे मध्येच थांबायचे, मग आई अंधारात आकडे मोजायची. वीस-पंचवीस झाले की कोपराने ढोसायची, "अहो, कुशीवर वळा." ते दचकून श्वास ओढायचे. दहा सेकंदांहून जास्त श्वास थांबला की डॉक्टर त्याला अ‍ॅप्निया म्हणतात. चौथी शिकलेली आमची आई पन्नास वर्षांपूर्वी तेच मोजत होती. बाकी आम्ही सगळे 'काय गाढ झोप लागते, नशीबवान माणूस' म्हणून मोकळे. तीन गोळ्या घेऊनही वडिलांचा रक्तदाब आटोक्यात नव्हता, ६१व्या वर्षी त्यांना पक्षाघात झाला. तो यामुळेच झाला असे मी म्हणणार नाही. तपासणीच झाली नाही, तर म्हणू कशाच्या जोरावर?

फेब्रुवारी २०२२ मध्ये बप्पी लाहिरी गेले आणि बातम्यांत 'स्लीप अ‍ॅप्निया' हे शब्द आले. वहिनीने त्याच महिन्यात धाकट्या भावाला डॉक्टरांकडे नेले. डोक्याला, छातीला, पायांना वायरी चिकटवून एक रात्र त्याला दवाखान्यात झोपवले. रिपोर्ट आला: श्वासाला तासाला ४२ वेळा अडथळा. तिसाच्या वर गेले की तीव्र समजतात. रक्तातला ऑक्सिजन ७१ टक्क्यांपर्यंत उतरला होता. डॉक्टरांनी भावाची हनुवटी बघून विचारले, "ही मागे गेलेली हनुवटी वडिलांची का?" हा आजार जमिनीच्या वाटणीसारखा सरळ मुलांच्या नावावर होत नाही, पण जबड्याची ठेवण, जाड मान आणि वजन वाढण्याचा कल घराण्यात उतरतो, असे त्यांनी समजावले. इलाज सी-पॅप: रात्रभर मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारे मशीन. किंमत ४८ हजार. मास्क अधूनमधून बदलायचा, तो खर्च वेगळा.

भावाची पॉलिसी अकरा वर्षांची आणि तोवर एक रुपयाचाही क्लेम नाही. तपासणीचे बिल परत आले, कारण 'केवळ निदानासाठी दाखल'. मशीनचे बिलही परत आले, कारण 'घरी वापरायचे उपकरण'. तक्रार करण्याआधी मी पॉलिसी काढून वाचली. (वाचायची ती पहिलीच वेळ, हे कबूल करतो.) कंपनीचे चुकले नव्हते, नियमच तसा आहे. निदानासाठी दाखल होण्याचा खर्च न देण्याचे कलम सगळीकडे सारखे आहे, ते २०१९ मध्ये आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेनेच ठरवून दिले. मग विमा लोकपालांकडे जाऊन काय मागायचे?

पण न मिळणाऱ्या खर्चांच्या त्याच यादीत लठ्ठपणाचेही कलम आहे. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३५ किंवा जास्त असेल, साधे उपाय करून गुण आला नसेल आणि सोबत तीव्र स्लीप अ‍ॅप्निया असेल, तर वजन कमी करण्याच्या ऑपरेशनला ते कलम आड येत नाही. भाऊ १७० सेंटिमीटर, ९५ किलो, म्हणजे बीएमआय ३३ च्या आसपास. त्याने आणखी सहा-सात किलो वाढवले तर पोटाच्या लाखांच्या ऑपरेशनचा दरवाजा त्याला उघडतो. ४८ हजारांचे मशीन मात्र वजन वाढवूनही मिळत नाही आणि कमी करूनही नाही. वहिनीने हे ऐकले आणि म्हणाली, "मग भात सुरू करू का परत?"

मशीन विम्यात घेणे अशक्य नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना सीजीएचएस या त्यांच्या आरोग्य योजनेतून ठरावीक मर्यादेपर्यंत त्याचे पैसे मिळतात. अमेरिकेत मेडिकेअर ही सरकारी विमा योजना मशीन आधी भाड्याने देते. पहिल्या १२ आठवड्यांत गुण दिसला तर पुढे चालू ठेवते, १३ महिने भाडे भरून झाले की मशीन रुग्णाचे. लोक मशीन घेतील आणि कपाटात टाकतील ही भीती असेल, तर आता बहुतेक मशीनमध्ये रोजच्या वापराचे तास नोंदले जातात. कंपनीने ते मागावेत, आम्ही देऊ. आयआरडीएआयने तीव्र रुग्णांपुरती तरी तपासणी आणि हप्त्याने मशीन ही सोय मूळ पॉलिसीतच घालायला लावावी, एवढीच मागणी आहे.

आता चौथी पिढी. पुतण्या २४ वर्षांचा, हनुवटी तीच, घोरणे तेच. त्याने स्वतःची पॉलिसी काढायचे ठरवले, तर एजंट म्हणाले, "आधी पॉलिसी, मग टेस्ट." त्यांचे गणित चोख आहे. पॉलिसी घेण्याआधी निदान झाले तर तो 'आधीचा आजार' ठरतो आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागते. निदान झालेच नसेल तर तसा प्रश्न येत नाही. त्यामुळे आपली पुरवणी पोराला म्हणते आजच तपास, आणि पॉलिसीचा नियम म्हणतो इतक्यात नको. त्याने तपासणी केलेली नाही, पण फॉर्मवर घराण्याच्या आजारांच्या रकान्यात आजोबा आणि वडील दोघांचेही खरे लिहिले.

आपला,
एक वाचक, कराड

ता.क. कृपया माझे नाव छापू नये. पुतण्याचा फॉर्म अजून कंपनीकडेच आहे.