खुले पत्र: बांबू-मातीच्या भिंतीला दरसूचीत जागा द्या

प्रति,
मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: बांबू, माती आणि चुन्याच्या, वर्कशॉपमध्ये तयार होणाऱ्या भिंतींचा राज्य दरसूचीत समावेश करणेबाबत

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

पर्यावरणपूरक घरांवर नाशिकमध्ये भाषणं बरीच होतात. कार्यशाळा होतात, स्टॉल लागतात, कुल्हडात चहा मिळतो. मग एखादा उत्साही सरपंच अंगणवाडीची खोली बांबू-मातीत करायचं मनावर घेतो आणि फाइल उपअभियंत्याच्या टेबलावर जाते. तिथे प्रश्न येतो, "एसएसआरमध्ये, म्हणजे राज्य दरसूचीत, आयटम कुठे आहे?" आयटम नसेल तर रेट ॲनालिसिस करा, त्यावर वरिष्ठांची सही घ्या, आणि उद्या ऑडिटचा पॅरा निघाला तर खुलासा सही करणाऱ्यानेच द्यायचा. साहजिकच सही होत नाही. त्या अभियंत्याला मी दोष देणार नाही, त्याच्या खुर्चीत मीही हेच केलं असतं. फाइल परत येते आणि खोली आरसीसीत होते. हे पत्र त्या आयटमसाठी आहे.

मी स्थापत्य अभियंता. ओझरजवळ माझं लहानसं वर्कशॉप आहे. तिथे आम्ही दोन फूट रुंद, नऊ फूट उंच अशा भिंती सुट्या तयार करतो. बांबू तीन वर्षांपुढचा आणि दिवाळीनंतर तोडलेला लागतो. पावसाळ्यात तोडलेल्या बांबूत स्टार्च जास्त असतं आणि भुंगा त्याच्यासाठीच येतो. मग पेरांना आतून भोकं पाडून बांबू बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून ठेवायचा. भोकं पाडली नाहीत तर औषध आत पोचत नाही. ही पायरी ज्याने गाळली त्याच्या घरात काही महिन्यांनी वाशाखाली पिवळसर भुकटी साचायला लागते, आणि नाव खराब होतं ते सगळ्या बांबूचं. चौकटीच्या दोन्ही अंगांना कारवीचा किंवा चिरलेल्या बांबूचा कूड. आत इगतपुरीकडचा भाताचा पेंढा, मातीच्या पातळ राबड्यात बुचकळून, निथळून, दाबून भरलेला. तो पूर्ण सुकल्याशिवाय हलवायचा नाही. सुकल्यावर चुना-मातीचा पहिला हात शेडमध्येच द्यायचा आणि शेवटचा जागेवर. तयार भिंत चौघांना उचलता येते.

कूड कसा विणायचा आणि सारवण कसं करायचं हे पेठ, सुरगाण्यातल्या बायकांना माझ्यासारख्याने शिकवायची गरज नाही. आमची भर एवढीच की माप ठरवलं, औषध दिलं आणि दोन भिंतींचा सांधा नीट बसवला.

वर्कशॉपमध्येच का, याला जिल्ह्यातला पाऊस आणि जिल्ह्यातली टंचाई अशी दोन्ही कारणं आहेत. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे चार महिने जागेवर काम निघत नाही. तोच डोंगराळ भाग उन्हाळ्यात टँकरची वाट बघतो. कामं निघतात नेमकी मार्च ते मे. काँक्रीटचा भारतीय मानक कोड म्हणतो की साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस पाणी मारा आणि मिश्र सिमेंट असेल तर १० दिवस. ज्या पाड्यावर पिण्याचा हंडा रांगेत उभा आहे तिथे कॉलमवर कोण पाणी मारणार? गोणपाट गुंडाळतात, दोन दिवस भिजवतात आणि सोडून देतात. कागदावर ते एम-२०, म्हणजे ठरलेल्या ताकदीचं काँक्रीट असतं. आमची भिंत कोरडी येते, कोरडी उभी राहते, पाणी लागतं ते शेवटच्या गिलाव्यापुरतं.

आता वजन बघा. घरकुलाचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर. नऊ इंची वीटकामात त्याच्या भिंतींना ढोबळमानाने साडेपाच हजार विटा लागतात, म्हणजे सोळा-सतरा टन माल घाट उतरून पाड्यावर न्यायचा. वर स्लॅबला पंचवीसेक गोणी सिमेंट. पन्नास किलोच्या एका गोणीमागे साधारण ३० ते ४० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. जगाच्या एकूण उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के धरला जातो, आणि त्यातला निम्म्याहून जास्त वायू इंधनाचा नसून खुद्द दगडातला असतो. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ४४ किलो वायू होऊन निघून जाते, मग भट्टी उन्हावर चालवा की कोळशावर. आमचा चुनाही भट्टीतूनच येतो, हे लपवत नाही. पण तो पातळ हातापुरता लागतो आणि भिंतीवर मुरताना त्यातला काही वायू परत ओढून घेतो. जोत्याला आणि पायाला सिमेंट लागणारच. तिथे भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी घातलेलं नवं सिमेंट वापरता येईल, त्याचं भारतीय मानक २०२३ मध्ये आलं आहे.

आपण म्हणाल, हे सगळं ठीक, पण किल्लारी विसरलात का? विसरलो नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे माणसं मेली ती बहुतेक दगड-मातीच्या भिंतींखाली आणि माळवदाखाली. तेव्हापासून मराठवाड्यातच काय, आपल्या येवला-नांदगावकडेही मातीचं घर म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर तेच येतं. ही भीती खरी आहे, तिला हसून चालणार नाही. पण त्या घरांत मारणारं काय होतं ते अभियंत्याने सांगितलं पाहिजे. दोन-अडीच फूट जाडीची अनघड दगडांची भिंत, बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मध्ये भरड; दोन्ही थर बांधणारे आरपार दगड नाहीत, भिंतींना सगळीकडून बांधणारा आडवा पट्टा नाही; आणि वर डोक्यावर फूट-दीड फूट माती. भूकंपाचा जोर वजनाच्या प्रमाणात येतो. त्या घरांना वजन प्रचंड होतं आणि धरून ठेवणारं काही नव्हतं. कुडाची भिंत अगदी उलटी, हलकी आणि विणलेली.

याचा दाखला आसामात आहे. १८९७ च्या मोठ्या भूकंपात शिलाँगची दगडी बांधकामं जमीनदोस्त झाली. त्यानंतर तिकडे लाकडी सांगाडा आणि इकरा नावाच्या बोरूच्या कुडावर गिलावा अशी घरं रूढ झाली, ती आजही आसाम पद्धतीची घरं म्हणून ओळखली जातात. लक्षात घ्यायची गोष्ट अशी की त्या घरांत गोरे साहेबसुद्धा राहिले, कचेऱ्या आणि बंगलेही तसेच बांधले गेले. गरिबाला कूड आणि साहेबाला दगड अशी वाटणी तिथे झाली नाही.

म्हणून माझी एक अट आहे, ती अनेकांना विचित्र वाटेल. ही पद्धत घरकुलांपासून सुरू करू नका. आदिवासी माणसाला तुम्ही सांगाल की मातीत राहा, पृथ्वी वाचव, आणि स्वतः आरसीसीच्या केबिनमधून सांगाल, तर तो ऐकणार नाही आणि त्याने ऐकूही नये. कुडाच्या घरात मुलगी द्यायला लोक मागेपुढे बघतात, हे गावात बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. सरकारी मोजणीतही गवत, बांबू किंवा माती यांची भिंत आणि तसंच छप्पर म्हणजे कच्चं घर, आणि कच्चं घर म्हणजे घरकुलाची पात्रता. अशा माणसाला घर म्हणून पुन्हा मातीची भिंत दाखवली तर त्याला ती थट्टा वाटेल. आधी आपल्या खात्याचं विश्रामगृह बांधा. त्र्यंबक किंवा इगतपुरीला एक सूट बांबू-मातीचा करा आणि मे महिन्यात दुपारी दोन वाजता शेजारच्या स्लॅबच्या खोलीत आणि त्यात आलटून पालटून बसून बघा. साहेब लोक तो सूट आधी मागू लागले की पाड्यावर जाहिरात करावी लागणार नाही.

मातीवर सरकारचा विश्वास नाही असंही नाही. नाशिक ज्याचं पाणी पितं ते गंगापूर धरण मातीचं आहे.

आणि नवी वस्तू दरसूचीत येऊन रुळते कशी, हेही नाशिकने पाहिलं आहे. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राची राख एकेकाळी डोकेदुखी होती. राखेची वीट म्हटलं की ठेकेदार नाक मुरडायचे, गवंडी म्हणायचे गिलावा धरत नाही. १९९९ मध्ये केंद्राची अधिसूचना आली, औष्णिक केंद्राभोवतीच्या वीटभट्ट्यांना राख मिसळणं बंधनकारक झालं, पुढे नियम कडक होत गेले, मानकं आली, दर आले. आज राखेच्या विटांवर कोणी चर्चाही करत नाही. बांबूला तर कायद्याची वाटही मोकळी झाली आहे. २०१७ मध्ये वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनाबाहेरचा बांबू झाडांच्या व्याख्येतून निघाला. यवतमाळ-चंद्रपूरकडे वणी-वरोरा महामार्गावर २०२३ मध्ये २०० मीटरचा बांबूचा क्रॅश बॅरियर बसला. धावत्या गाडीची धडक झेलायला बांबू चालतो. अंगणवाडीच्या भिंतीला चालायला हरकत काय असावी?

दर मिळाला तरी एक गाठ राहते, आणि ती सोडवल्याशिवाय दराचा उपयोग होणार नाही. आमच्या पद्धतीत निम्म्याहून जास्त काम जागेवर काही दिसायच्या आधीच झालेलं असतं. मापन पुस्तिकेत मात्र जागेवर मोजलेलं चढतं आणि बिल त्याचंच निघतं. म्हणजे शेडमध्ये तीस भिंती सुकत उभ्या आहेत, मजुरी देऊन झाली आहे, आणि हिशेबात काम शून्य. मोठा ठेकेदार हे ओढून नेतो. बचत गट किंवा चार सुतारांची सहकारी संस्था नेऊ शकत नाही, आणि हे काम खरं तर त्यांचंच आहे. घरकुलाचे हप्तेही जोतं, लिंटेल, छप्पर अशा टप्प्यांवर फोटो काढून सुटतात, तिथेही हीच अडचण येणार. तो विषय ग्रामविकास खात्याचा, पण वाट आपण पाडलीत तर ते मागून येतील. वर्कशॉपमध्ये कनिष्ठ अभियंत्याने येऊन भिंती मोजाव्यात, त्यावर शिक्का मारावा आणि ठरावीक टक्के रक्कम तिथेच द्यावी, एवढी तरतूद पुरेशी आहे.

चाचण्यांसाठी दिल्ली-रुरकीला जायला नको. दिंडोरी रोडवर मेरी आहे, महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, १९५९ पासूनची. ती जलसंपदा खात्याकडे आहे, म्हणून दोन खात्यांमध्ये एक पत्र लागेल. भिंतीवरचा भार, आडवा धक्का, पाण्याची फवारणी, आग, वाळवी, जे हवं ते तपासा. नापास झालो तर नापास म्हणून जाहीर करा, आमची तक्रार नाही. आमची तक्रार परीक्षेलाच बसू देत नाहीत ही आहे.

केंद्राने २०२१ च्या १ जानेवारीला सहा शहरांत लाइट हाउस प्रकल्पांची पायाभरणी केली. इंदूर, राजकोट, चेन्नई, रांची, आगरतळा, लखनौ. कारखान्यात घरं बनवण्याचे चांगले प्रयोग होते, पण सगळे काँक्रीट, स्टील, सँडविच पॅनेल किंवा पीव्हीसीचे. माती-बांबूचा एकही नाही आणि महाराष्ट्रातलं एकही शहर नाही. ती जागा अजून रिकामी आहे.

सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे, पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. साधुग्राममध्ये, म्हणजे साधूंच्या तात्पुरत्या वसाहतीत, पत्र्याच्या शेड किती उभ्या राहतील ते आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. साधुग्रामसाठी तपोवनातली झाडं तोडण्यावरून शहर आधीच तापलेलं आहे. सगळं साधुग्राम बांबूत करा असं मी म्हणणार नाही, तेवढा औषध दिलेला बांबू आज जिल्ह्यात कोणाकडेही नाही, आणि घाईत कच्चा बांबू लावला तर वर लिहिलेली भुकटी पुढच्या वर्षी सगळे बघतील. थोडक्या खोल्या करा, आरोग्य केंद्रं किंवा पोलीस चौक्या. मेळा संपला की बोल्ट सोडायचे, टेम्पोत भरायच्या आणि सुरगाणा-पेठच्या ज्या आश्रमशाळेत वर्ग कमी आहेत तिथे उभ्या करायच्या. जोतं काळ्या दगडाचं, दीड-दोन फूट उंच. पागोळ्या भिंतीपासून तीन फूट लांब पडतील इतकी वळचण. सिन्नर-येवल्याला चालणारं छप्पर घाटमाथ्यावर चालणार नाही, तेव्हा एकच नकाशा जिल्हाभर लादू नये.

हे सगळं स्वस्त पडेल का, असं विचारलं जाईल. आज भिंतीचा खर्च वीटकामाच्या जवळपास येतो, कधी थोडा वरही जातो, कारण आम्ही सुटे सुटे काम करतो. पेठकडचे शेतकरी बांधावर बांबू लावतात आणि विचारतात, घेणार कोण? आम्ही म्हणतो, दर मिळू दे. दर आपल्या हातात आहे.

वर्कशॉप पाहायला जरूर या. शक्यतो जुलैत या. तेव्हा दोन पावसाळे बाहेर उघड्यावर ठेवलेली भिंत बघता येईल, कुठे गिलावा सुटला आहे तेही दाखवीन. येताना अधीक्षक अभियंत्यांना बरोबर आणा. आपलं समाधान झालं तर बातमी येईल, त्यांचं झालं तर आयटम येईल.

आपला,
नाशिकमधला एक स्थापत्य अभियंता