शेवटून पहिल्या आलेल्या संघाबद्दल बाबांना (आणि आईलाही)

सेंट लुईस,
१७ जून २०१९

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

काल फोनवर बाबा एक वाक्य टाकून लगेच रोहितच्या १४० धावांकडे वळले, त्यामुळे माझं उत्तर राहूनच गेलं. वाक्य होतं, "जानेवारीत शेवटून पहिला असलेला संघ जूनमध्ये चषक जिंकतो, म्हणजे ती स्पर्धाच फुसकी असणार." पाकिस्तानला हरवल्याच्या आनंदात होतात म्हणून सोडून दिलं. पण आता सविस्तर लिहिते, कारण पत्रात तुम्हाला मध्येच बोलता येत नाही. आई, तुला खेळांचा कंटाळा येतो हे ठाऊक आहे. तुझ्यासाठीचा मजकूर मधे मधे आहे, त्यामुळे पानं उलटून शेवटाकडे पळू नकोस.

तर बाबा, आधी तुमची बाजू. ३ जानेवारीच्या सकाळी एनएचएलच्या, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या बर्फावरच्या हॉकीच्या लीगच्या तक्त्यात आमचे सेंट लुईस ब्लूज ३१ संघांत ३१वे होते. ३७ सामन्यांत १५ विजय, ३४ गुण. गेल्या उन्हाळ्यात याच संघावर भरपूर पैसा ओतला होता, बफेलोहून रायन ओ'रायलीसारखा खेळाडू आणला होता, त्यामुळे लोक जास्तच चिडलेले. नोव्हेंबरात कोच माइक यो यांना काढून क्रेग बेरुबे यांना हंगामी म्हणून बसवलं. डिसेंबरात तर सरावात, आपल्याच संघातले दोघं, झॅक सॅनफोर्ड आणि रॉबर्ट बोर्टुझो, एकमेकांवर ठोसे घेऊन धावले आणि त्याचा व्हिडिओ सगळ्या गावानं पाहिला. निखिलच्या ऑफिसात तिकिटं फुकट फिरत होती. आम्ही बर्फावरची हॉकी पहिल्यांदा बघितली ती तसल्याच तिकिटांवर, अर्धं मैदान रिकामं असताना.

खेळ थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. गोलरक्षक धरून प्रत्येकी सहा जण, वीस-वीस मिनिटांचे तीन भाग, चेंडूऐवजी रबराची जाड चकती, तिला पक म्हणतात. एकेक जण जेमतेम पाऊण मिनिट जीव तोडून पळतो, मग कठड्यावरून बाकाकडे उडी आणि त्याच्या जागी दुसरा. हे सगळं खेळ चालू असताना, शिट्टी न वाजता. नियम मोडला की दोन मिनिटं काचेच्या खोपटात जाऊन बसायचं, म्हणजे कबड्डीत बाद झाल्यासारखं, फक्त इथे घड्याळ बघून परत येता येतं. बेरुबे स्वतः खेळायचे तेव्हा कारकिर्दीत त्यांनी अशी तीन हजारांहून जास्त मिनिटं काढली. आई, तू म्हणशील असल्या मारकुट्याला कोच कोण करतं. पण माणूस बोलतो कमी आणि बोलतो ते सरळ. त्यांनी खेळच सोपा करून टाकला. नाजूक पासांची कलाकुसर बंद. पक पुढच्या भागात ढकलायचा, मागोमाग जाऊन भिडायचं, आपल्या गोलसमोर कोणाला उभं राहू द्यायचं नाही. बघायला काही फार देखणं नव्हतं, खरं सांगते.

आणि मग जॉर्डन बिनिंग्टन. वय २५, गोलरक्षक. २०११ साली निवडला गेला, तेव्हापासून जवळपास सगळा काळ खालच्या लीगमध्ये. मोसम सुरू झाला तेव्हा संघाच्या गोलरक्षकांत चौथ्या क्रमांकावर. आदल्या वर्षी तर ब्लूजकडे खालच्या लीगमधला स्वतःचा संघच नव्हता, म्हणून याला बॉस्टनच्या दुय्यम संघाकडे उसना दिला होता. बॉस्टन लक्षात ठेवा. ७ जानेवारीला फिलाडेल्फियात त्याला पहिल्यांदा सुरुवातीपासून उभं केलं, आणि पठ्ठ्यानं एकही गोल होऊ दिला नाही. ३-०. पुढे जानेवारीअखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत संघानं ओळीनं ११ सामने जिंकले, ब्लूजच्या इतिहासात पहिल्यांदाच. एका पत्रकारानं त्याला दडपणाबद्दल विचारलं तर हा म्हणाला, "मी घाबरलेला दिसतो का?" आता ते वाक्य छापलेले टी-शर्ट गल्लोगल्ली दिसतात.

त्या फिलाडेल्फियाच्या मुक्कामातच गाणंही सापडलं. आदल्या रात्री काही खेळाडू एका क्लबात अमेरिकन फुटबॉलची मॅच बघत बसले होते. तिथे लॉरा ब्रॅनिगनचं १९८२चं 'ग्लोरिया' लागलं की सगळी मंडळी वेड्यासारखी नाचत होती. यांनी ठरवलं, आजपासून आपण जिंकलो की हेच वाजवायचं. आई, एप्रिलपासून हे गाणं मी भाजीच्या दुकानात ऐकलंय, दातांच्या डॉक्टरांकडे ऐकलंय, ट्रॅफिकमध्ये शेजारच्या गाडीतून ऐकलंय. आता पुरे झालं असं वाटतं, पण म्हणायची सोय नाही.

३ जानेवारीनंतरचा हिशेब मांडा, बाबा. ४५ सामने, ३० विजय. शेवटी एकूण गुण ९९. म्हणजे प्ले-ऑफमध्ये, साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत, कुणाच्या मेहरबानीनं गेलेले नाहीत. हां, एक गोष्ट सांगितली तर तुम्हाला आयतं कोलीत मिळेल, पण लपवत नाही. यंदा साखळीत ६२ सामने जिंकून विक्रमाची बरोबरी केलेला टॅम्पा बेचा संघ प्ले-ऑफच्या पहिल्याच फेरीत कोलंबसकडून ४-० असा साफ झाला. याला तुम्ही फुसकं म्हणा. मी म्हणते की जिथे सगळ्या संघांच्या पगारावर एकच मर्यादा आहे, तिथे पहिल्या आणि शेवटच्यात अंतर फार उरतच नाही. एका गोलरक्षकाचा सूर लागला की तक्ता उलटतो.

प्ले-ऑफमध्ये प्रत्येक फेरी सात सामन्यांची, चार जिंकेल तो पुढे. विनिपेगला सहा सामन्यांत काढलं. डॅलसबरोबर सातव्यापर्यंत ताणलं, आणि आई, इथून तुझा भाग.

पॅट मरून म्हणून एक दांडगा, दाढीवाला खेळाडू आहे. इथलाच, सेंट लुईसच्या उपनगरात वाढलेला. त्याचा मुलगा इथे राहतो आणि हा इतकी वर्षं दुसऱ्या शहरांत खेळायचा, मुलाशी भेट फोनवर. गेल्या उन्हाळ्यात त्यानं फक्त एका वर्षाचा करार केला आणि घरी आला, मुलाजवळ राहायला मिळावं म्हणून. सुरुवातीचे महिने त्याचे इतके वाईट गेले की लोक म्हणायला लागले, हा इथे खेळायला आलाय की सुट्टीला. ७ मेची रात्र. बरोबरी, ओव्हरटाइम, त्यातही बरोबरी, दुसरा ओव्हरटाइम. समोर डॅलसचा गोलरक्षक बेन बिशप, तोही याच शहरात वाढलेला, पन्नासहून जास्त फटके अडवून उभा. एकोणीस वर्षांच्या रॉबर्ट थॉमसनं मारलेला पक खांबावर आपटून बिशपच्या मागे पडला आणि मरूननं तो आत ढकलला. कॅमेऱ्यानं गर्दीत त्याचा मुलगा शोधून काढला, डोळे पुसत उभा होता. मीही रडले. निखिलला सर्दी झाली होती, असं तो म्हणतो.

ही मॅच आम्ही शेजारच्या आजोबांकडे बघितली. त्यांची पद्धत अशी की टीव्हीचा आवाज बंद आणि रेडिओ चालू, कारण टीव्हीवरचे समालोचक बाहेरचे आणि रेडिओवरचे आपले. पण रेडिओ टीव्हीच्या काही सेकंद पुढे असतो. त्यामुळे पडद्यावर पक अजून मधल्या रेषेवर असताना आजोबा खुर्चीतून उठायचे, आणि आपण नुसतं त्यांच्या तोंडाकडे बघायचं. त्या रात्री मी आई तू पाठवलेलं भडंग नेलं होतं. झालं! डॅलसला हरवलं म्हटल्यावर आजोबांनी फर्मान काढलं की यापुढे प्रत्येक मॅचला तेच कुरकुरीत पाहिजे, आणि तेही त्याच स्टीलच्या डब्यातून. पुढच्या फेरीतल्या सॅन होजेच्या मॅचेसपर्यंत मी मुठीमुठीनं पुरवलं. बॉस्टनला पोचेतो तळाला लसूण आणि शेंगदाणेच उरले होते.

सॅन होजेच्या तिसऱ्या सामन्यात काय झालं ते बाबांना आवडेल, कारण अंपायरला शिव्या घालायची संधी आहे. ओव्हरटाइममध्ये त्यांच्या टिमो मायरनं पक चक्क हातानं ढकलला, तो फिरून एरिक कार्लसनकडे गेला, गोल, मॅच संपली. हातानं पास द्यायला बंदी आहे, आणि मैदानातल्या सगळ्यांना दिसलं, चार पंचांना सोडून. आणि हा प्रकार रिप्लेवर तपासायची नियमात सोयच नव्हती! तुम्ही असतात तर आठवडाभर जेवला नसतात. बेरुबेंनी मुलांना सांगितलं, तक्रार पुरे, पुढचा सामना खेळा. पुढचे तीन सामने २-१, ५-०, ५-१. ब्लूज अंतिम फेरीत, १९७० नंतर पहिल्यांदा.

आता हा १९७०चा सल समजून घ्या, म्हणजे गाव का पेटलं ते कळेल. ब्लूज १९६७ साली सुरू झाले. लीगनं त्या वर्षी सहा नवे संघ घेतले आणि सगळे एकाच गटात टाकले, त्यामुळे त्यांच्यातला एक आपोआप अंतिम फेरीत जायचा. पहिली तीन वर्षं ब्लूज गेले आणि तिन्ही वेळा ४-० नं मार खाल्ला, दोनदा माँट्रियलकडून, तिसऱ्यांदा बॉस्टनकडून. त्या शेवटच्या सामन्यात बॉबी ऑरनं गोल मारला आणि पाय अडकून हवेत आडवा उडाला. तो फोटो या खेळातला सगळ्यात प्रसिद्ध फोटो, बॉस्टनच्या मैदानाबाहेर त्याचा पुतळासुद्धा उभा आहे. म्हणजे आपला पराभव दुसऱ्याच्या दारात ब्राँझमध्ये ओतून ठेवलेला. नंतर १९८० ते २००४ ओळीनं २५ वर्षं प्ले-ऑफमध्ये गेले, चषक नाही. त्यात २०१६ मध्ये शहराचा अमेरिकन फुटबॉलचा संघ उचलून लॉस एंजेलिसला नेला. आजोबांना त्यांच्या वडिलांनी ओकलंड अव्हेन्यूवरच्या जुन्या मैदानात पहिल्याच मोसमात नेलं होतं. ते मैदानही १९९९ मध्ये पाडलं.

बाबा, हे सगळ्यात जास्त तुम्हाला कळायला हवं. महाराष्ट्रानं शेवटची रणजी १९४०-४१ ला जिंकली. २०१४ मध्ये हैदराबादला कर्नाटकाविरुद्ध अंतिम सामना होता, केदार जाधवनं त्या मोसमात बाराशेच्या वर धावा केल्या होत्या, आणि हरल्यावर तुम्ही टीव्ही बंद करून गॅलरीतल्या कुंड्या धूत बसला होतात. अठ्ठ्याहत्तर वर्षं चषक न पाहिलेल्या संघाच्या चाहत्यानं दुसऱ्याच्या बावन्न वर्षांना फुसकं म्हणावं का?

अंतिम फेरीत समोर कोण, तर बॉस्टनच. पहिला सामना गेला. दुसरा कार्ल गुनारसननं ओव्हरटाइममध्ये जिंकून दिला, अंतिम फेरीतला ब्लूजचा आयुष्यातला पहिला विजय. तिसऱ्यात घरच्या मैदानावर ७-२ असा फज्जा. चौथा, पाचवा आपला. ९ जूनला सहावा, पुन्हा घरी, जिंकला की चषक, आणि ५-१ नं हरलो. त्याच दिवशी मिसिसिपी ४६ फुटांवर पोचली होती, बाबा. १९९३चा उच्चांक साडेएकोणपन्नासचा, त्यानंतरचं हे सर्वांत मोठं पाणी. आर्चच्या, म्हणजे नदीकाठच्या त्या उंच कमानीच्या, पायऱ्यांखालचा रस्ता पूर्ण बुडालेला. तुम्ही फोनवर आधी नदीचे फूट विचारता आणि मग माझी तब्येत, हे मी निखिलला सांगितलं तर तो म्हणाला, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची माणसं अशीच असणार.

सातवा सामना १२ जूनला बॉस्टनमध्ये. तुमच्याकडे पहाट होती. पहिल्या भागात बॉस्टननं गोलवर १२ फटके मारले, आपण फक्त ४, आणि तरी २-० नं आपण पुढे. पहिला गोल ओ'रायलीचा. दुसरा मात्र बघण्यासारखा. भाग संपायला आठ सेकंद, बॉस्टनचा ब्रॅड मार्शंड बदलीसाठी बाकाकडे वळला. ती मघाशी सांगितलेली कठड्यावरची उडी, भलत्या वेळी. त्यानं सोडलेल्या जागेतून आपला कप्तान अॅलेक्स पिएत्रांजेलो आत शिरला आणि गोल. बिनिंग्टननं त्या रात्री ३२ फटके अडवले. चौथा गोल कुणाचा, तर डिसेंबरात सरावात मारामारी करणाऱ्या सॅनफोर्डचा. तो मॅसॅच्युसेट्सचाच. सप्टेंबरात, मोसम सुरू होण्याआधी, त्याचे वडील वारले होते. आजोबांनी हे मला त्याच वेळी सांगितलं आणि मग रेडिओचा आवाज उगाचच वाढवला. ४-१. सगळ्यात मौल्यवान खेळाडू ओ'रायली, शेवटच्या चारही सामन्यांत गोल मारलेला. आणि बेरुबे? चषक हातात आहे, पण पदापुढे अजून 'हंगामी' तसंच आहे. आपल्याकडच्या संस्थाचालकांना सांगा, हे दुखणं जगभर आहे.

परवा शनिवारी मिरवणूक झाली, मार्केट स्ट्रीटवरून आर्चपर्यंत. सगळा रस्ता निळा. खेळाडू गाड्यांतून उतरून लोकांच्यात चालत होते, चषक कुणाच्याही हातात. आजोबा येणार नाहीत म्हणत होते, गुडघे दुखतात म्हणून. आले. दोन तास घडीच्या खुर्चीवर बसून राहिले आणि घरी येताना गाडीत एवढंच म्हणाले की वडिलांना हे आवडलं नसतं, फार गोंगाट.

आता कामाचं. तुमची तिकिटं ऑक्टोबरची काढतोय. तेव्हा नवा मोसम सुरू होतो, एक मॅच बघायचीच आहे. यंदा तिकिटं फुकट कोणी देणार नाही, पण ते आमच्यावर सोडा. आई, आत थंडी असते, तेव्हा ती राखाडी शाल नको, चांगला स्वेटर आण. वटपौर्णिमेचा उपास केलास का गोळ्या घेऊन, की गोळ्या सोडून, ते खरं कळव. बाबांची शुगर तपासून झाली असेल तर रिपोर्टचा फोटो पाठव. त्यांना विचारलं की ते "नॉर्मल" म्हणतात आणि विषय बदलतात.

भडंग दोन किलो आणा. एक आमचं, एक आजोबांचं. कमी तिखट अजिबात नको, त्यांना सवय झाली आहे.

तुमची,
अमृता