शिरांच्या उपचारानंतरची पायदुखी आणि रुग्णाच्या हाती पडणारा कागद

संपादक महोदय,

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत व्हेरिकोज व्हेन्सवरील (पायातल्या फुगून वेड्यावाकड्या झालेल्या शिरांवरील) लेझर उपचारांची माहिती आणि तिच्या शेजारीच त्या उपचारांच्या जाहिराती अलीकडे वरचेवर दिसतात. ‘टाके नाहीत, वेदना नाहीत, त्याच दिवशी घरी’ असे त्यांत म्हटलेले असते. यातील पहिला आणि तिसरा दावा बहुतांशी खरा आहे. दुसऱ्याविषयी मात्र लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण मी सांगलीत फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आणि हे उपचार झालेले रुग्ण ‘पायाचा स्नायू ताणला गेलाय’ असे सांगत माझ्याकडे येतात. त्यांतील अनेकांचे दुखणे स्नायूचे नसतेच. काहींचे असते, पण ते का झाले हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

पूर्वी जांघेत छेद देऊन खराब झालेली शीर ओढून काढत. आता सोनोग्राफीवर पाहत शिरेत बारीक नळी किंवा तंतू सरकवून लेझरने अथवा रेडिओफ्रीक्वेन्सीने (रेडिओलहरींच्या उष्णतेने) ती आतून भाजून बंद केली जाते. रेडिओफ्रीक्वेन्सीच्या प्रचलित पद्धतीत हे तापमान १२० अंश सेल्सिअस असते. ही धग आजूबाजूच्या भागाला लागू नये म्हणून शिरेभोवती भुलीच्या औषधाचे पातळ द्रावण भरतात, त्यामुळे टेबलावर असताना फारसे दुखत नाही, हे खरेच आहे. परंतु शीर बंद केली म्हणजे ती पायातून गेली असे नव्हे. ती जागच्या जागी राहते, सुजते, आखडते आणि पुढच्या काही महिन्यांत शरीर तिला हळूहळू जिरवून टाकते. हे सुजणे आणि आखडणे साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास सर्वांत जास्त जाणवते, म्हणजे नेमके रुग्ण ‘आता झालो बरा’ म्हणून कामावर जाण्याच्या तयारीत असतो तेव्हा. मांडीच्या आतल्या बाजूने गुडघ्यापर्यंत दोरी ताणून धरल्यासारखे वाटते, पाय सरळ केला की ओढ बसते आणि कातडीखाली कडक वळ हाताला लागतो. बहुतेकांचे हे दुखणे काही आठवड्यांत ओसरते. ज्यांना शीर बंद करण्यासाठी फोमचे, म्हणजे फेसाळ औषधाचे, इंजेक्शन दिलेले असते, त्यांच्या पायात दुखऱ्या गाठी येऊ शकतात. त्यांत साकळलेले रक्त डॉक्टरांना सुईने काढून टाकता येते, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

मध्यंतरी एका खानावळीतले आचारी माझ्याकडे आले. उपचारानंतर घरच्यांनी प्रेमापोटी त्यांना आठवडाभर खाटेवरून उतरू दिले नव्हते. उतरले तेव्हा मांडीत ओढ बसू लागली, ती टाळण्यासाठी गुडघा किंचित वाकवून, टाच न टेकवता, चवड्यावर चालण्याची त्यांनी सवय लावून घेतली आणि तशाच चालीने ते भट्टीसमोर उभे राहू लागले. जेवायला मांडी घालून बसता येईना, तेव्हा कुणीतरी माझा पत्ता दिला. तपासले तर मांडीतली ओढ बंद केलेल्या शिरेचीच होती. पोटरीचा स्नायू मात्र त्या विचित्र चालीने खरोखरच धरला होता. टाच टेकवून, छोट्या पावलांनी, दिवसातून बऱ्याच वेळा थोडे थोडे चालणे आणि पोटरीचा हलका ताण, एवढ्यावर ते मोकळे झाले. हे दुखणे उपचाराने दिलेले नव्हते. उपचारानंतर कसे वागावे हे न कळल्यामुळे ते ओढवले होते. पोटरीचा स्नायू आवळला की पायातले रक्त वर ढकलले जाते, म्हणूनच डॉक्टर त्याच दिवशी चालायला सांगतात. आठवडाभर पडून राहिलेला माणूस नवव्या दिवशी एसटी पकडायला धावला, तर आखडलेल्या पोटरीत लचक भरणारच. दुसऱ्या टोकाची मंडळीही भेटतात. आषाढीच्या तोंडावर उपचार उरकून घेऊन ‘चालणे चांगलेच ना, मग वारीला निघतो’ म्हणणाऱ्या वारकऱ्यांना समजावताना माझी पुरेवाट होते.

उपचारानंतर घालायला सांगितलेल्या मोज्यांचे प्रकरण तर वेगळेच आहे. मांडीपर्यंतचे घट्ट स्टॉकिंग्ज आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात सहन होत नाहीत, म्हणून ते गुडघ्याच्या मागे गुंडाळून खाली सरकवले जातात. तिथे त्यांची घट्ट वळकटी होते, ती पायाला आवळून धरते, खाली घोटा सुजतो, पोटरी ठणकते आणि रुग्णाला वाटते की उपचारच फसला. पाय पाहण्याआधी मोजा कसा बसला आहे ते मी पाहते, आणि कधी कधी तेवढ्यानेच निदान होते. हे मोजे किती दिवस घालायचे याविषयीही एकवाक्यता नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा उपचारानंतर पट्टी किंवा मोजे सात दिवसांपेक्षा अधिक वापरू नयेत असे म्हटले आहे. आपल्याकडे कोणी आठवडा सांगते, कोणी महिना. मुदत डॉक्टरांनी ठरवावी, त्यात मी पडत नाही. मात्र पायाच्या धमन्यांचा विकार असलेल्यांना असे मोजे अपायकारक ठरू शकतात, हे दुकानातून परस्पर मोजे विकत घेणाऱ्या मधुमेही आणि धूम्रपान करणाऱ्या मंडळींनी ध्यानात घ्यावे.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले त्या मुद्द्याकडे येते. या उपचारांनंतर क्वचित, पण कधीतरी, पायाच्या खोलवरच्या शिरेत रक्ताची गुठळी होते. पोटरी दुखते, जड होते, एकाच पायाला सूज येते, तो पाय गरम लागतो. स्नायू ताणला गेला तरी यातले बरेचसे होते. फरक सांगायचाच तर लचक एखाद्या विशिष्ट हालचालीच्या क्षणी भरते, तिची जागा बोटाने दाखवता येते आणि दोन-तीन दिवसांत तिथून घोट्याकडे काळेनिळे उतरू शकते. गुठळीचे दुखणे बहुधा हळूहळू चढत जाते. पण हा फरक पुस्तकात जितका स्वच्छ दिसतो तितका पायात दिसत नाही. पाऊल वर ओढून पोटरी दुखते का ते पाहण्याची जुनी चाचणी आजही केली जाते, माझ्या व्यवसायातही केली जाते, आणि ती भरवशाची नाही. शंका असेल तर डॉपलर सोनोग्राफी (शिरेतला रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी) करून घेणे, हाच खरा मार्ग आहे.

आणि नेमके याच वेळी आपल्याकडे तेल गरम होते. पोटरी दुखली की नारायण तेल लावून वरून खाली रगडायचे, मग गरम पाण्याच्या पिशवीने शेकायचे, आणि तरीही राहिले नाही तर गावातल्या चोळणाऱ्याकडे जायचे, हा क्रम घरोघरी इतका ठरून गेलेला आहे की त्यात कोणाला काही गैर वाटत नाही. स्नायूचे दुखणे असेल तर जोराच्या चोळण्याने फार तर ते वाढेल. गुठळी असेल तर तिचा तुकडा सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो, आणि मग धाप लागणे, छातीत दुखणे, थुंकीतून रक्त पडणे, हे सारे जिवावर बेतू शकते. शेकाचीही तीच गत. उपचारात चेतातंतू दुखावला गेल्यास गुडघ्याखालचा काही भाग बधिर राहतो आणि तिथे पिशवी ठेवल्यावर कातडी भाजली तरी कळत नाही. म्हणून अशा रुग्णाची सूजलेली पोटरी मी डॉपलरचा अहवाल पाहिल्याशिवाय हातात घेत नाही. त्यामुळे काही जण नाराज होऊन दुसरीकडे गेले, त्याला माझा इलाज नाही.

हे सारे रुग्णाला सांगणे अवघड नाही. तरीही माझ्याकडे येणाऱ्यांच्या पिशवीत जे डिस्चार्ज कार्ड असते, त्यावर शिरेचे इंग्रजी नाव, लेझरची मात्रा, गोळ्यांची यादी आणि ‘पुन्हा दाखवणे’ एवढेच असते. संमतीपत्रावर सही झालेली असते, पण त्यातला मजकूर काय होता हे विचारले तर रुग्ण नातेवाइकांकडे पाहतो आणि नातेवाईक माझ्याकडे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात संमतीपूर्वी उपचाराचे स्वरूप, फायदे, धोके आणि पर्याय रुग्णाला पुरेसे समजावून सांगितले पाहिजेत असे स्पष्ट केले आहे. आपल्या राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांतही २०२१ च्या सुधारणेने रुग्णहक्कांची सनद आली आहे. ती सनद रुग्णालयाच्या भिंतीवर दिसतेही. पण दहाव्या दिवशी दुखणाऱ्या मांडीविषयी रुग्णाला घरी वाचता येईल असा मराठी कागद मला क्वचितच पाहायला मिळाला आहे.

या शिरांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना माझी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे, की त्यांनी असा एक पानाचा कागद द्यावा. कोणते दुखणे अपेक्षित आहे आणि ते केव्हा वाढेल, कोणते अपेक्षित नाही, मोजा कसा बसला पाहिजे, ओझे उचलणे आणि लांबचा बसप्रवास किती दिवस टाळायचा, दुखल्यास कोणती गोळी चालेल (मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मेडिकलमधून स्वतःहून आयबुप्रोफेन घेऊ नये, हे त्यात यायलाच हवे) आणि चोळू नये, एवढे त्यात साध्या मराठीत असले तरी पुरे. तपासणीसाठी पुन्हा कधी यायचे याची तारीखही त्यावर घातलेली असावी. आपणही आरोग्य पुरवणीसाठी या विषयावर लेख मागवताना पुढच्या दोन-तीन आठवड्यांत काय होते याचा एक परिच्छेद लेखकाकडून आवर्जून मागून घ्यावा. आणि त्या कागदावर रात्री उचलला जाईल असा दूरध्वनी क्रमांक हवा. शनिवारी रात्री एकच पाय सुजला, तर सोमवारच्या ओपीडीपर्यंत थांबायचे की त्याच रात्री जवळच्या मोठ्या रुग्णालयात डॉपलरसाठी जायचे, हे घरात जमलेल्या शेजाऱ्यांवर सोडू नये.

आपली विश्वासू,
एक फिजिओथेरपिस्ट, सांगली