वैद्य ‘व्ही’ने की ‘डब्ल्यू’ने

इंग्लंड, ऑक्टोबर

चि. ओंकारास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

कौन्सिलमधला इंटेलिजन्स अ‍ॅनालिस्ट नेमकं करतो काय आणि संख्याशास्त्राच्या पदवीनंतर या वाटेला यावं का, असं तू विचारलंस. फोनवर ते धड सांगता येत नाही, म्हणून लिहिते. दादालाही वाचून दाखव. भातकापणी आटोपली असेल तर पडवीत बसून निवांत ऐकेल.

इथली कौन्सिल म्हणजे आपल्याकडची नगरपंचायत आणि थोडी जिल्हा परिषद एकत्र केल्यासारखी. घरपट्टीसारखा कौन्सिल टॅक्स, कौन्सिलची भाड्याची घरं, अपंगांसाठीचा गाडी लावायचा परवाना (याला ब्लू बॅज म्हणतात), दुकानांचा कर, ठेकेदारांची बिलं, सगळं तिच्याकडे. घरभाड्याच्या सरकारी मदतीतल्या फसवणुकीचा तपास पूर्वी कौन्सिल करायची. २०१४ ते २०१६ या काळात तो टप्प्याटप्प्याने केंद्राच्या खात्याकडे गेला, बाकीचं इथेच राहिलं. अ‍ॅनालिस्ट पोलीस नव्हे. तो कुणाच्या दारात जात नाही, ते तपास अधिकाऱ्याचं काम. हजारो नोंदींतून फसवणूक शोधायला आधी कुठे पाहायचं आणि का, एवढं त्याने लेखी सांगायचं.

सगळ्यात साधं उदाहरण घे. घरात एकच प्रौढ राहत असेल तर कौन्सिल टॅक्समध्ये २५ टक्के सवलत मिळते. ही सवलत घेणाऱ्यांची यादी मतदारयादीशी ताडून पाहतात. एका घरात दोन मतदार दिसले की ते घर वेगळं निघतं. नवशिक्याला वाटतं, सापडला चोर. पण तिथे पूर्ण वेळ शिकणारा विद्यार्थी असला तर तो मोजायचाच नसतो, सवलत बरोबरच असते. मुलाचं नाव अठरा पूर्ण होण्याआधीच यादीत चढतं. जुन्या भाडेकरूचं नाव वेळेत निघालेलं नसतं. किंवा नवरा सोडून गेला आणि त्याने नाव हलवलंच नाही.

अशी ताडणी देशपातळीवरही होते. नॅशनल फ्रॉड इनिशिएटिव्ह १९९६ पासून, साधारण दर दोन वर्षांनी. मेलेल्या माणसाच्या नावावर चालू राहिलेलं पेन्शन किंवा ब्लू बॅज, एकाच माणसाकडे दोन कौन्सिलांची घरं, एकच बिल दोनदा दिलेलं, हे त्यात उघडं पडतं.

आता तुझ्या विषयातला हिशोब. समज, १०,००० सवलती आहेत आणि त्यांतल्या १ टक्का, म्हणजे १०० खोट्या आहेत. तुझी चाळणी शंभरातल्या ९० पकडते, आणि प्रामाणिक ९,९०० पैकी फक्त ५ टक्क्यांवर चुकीची खूण करते. म्हणजे ४९५. एकूण खुणा ५८५, त्यांत खऱ्या ९०. जेमतेम १५ टक्के! प्रत्येक खुणेमागे एक पत्र धाडलं, तर चाळणी चांगली असूनही ८५ टक्के पत्रं निर्दोष माणसांच्या घरी जाणार, आणि त्यांतली कितीतरी माणसं म्हातारी, एकटी, सरकारी पाकीट बघून घाबरणारी असतात. म्हणून पहिलं पत्र आरोपाचं नसावं, माहिती विचारणारं असावं, हे मी आग्रहाने सांगते.

खरी मेहनत मात्र नावांत आहे. तुला ते तिथे बसूनही कळेल. आपल्या वाडीत एका आडनावाची किती घरं आहेत बघ. त्यात आजोबांचं नाव नातवाला. म्हणजे नाव तेच, आडनाव तेच, घरही तेच, फरक फक्त जन्मतारखेत. इथल्या अर्जात वडिलांचं नाव मधल्या रकान्यात जातं, कुणी ते गाळतो, कुणी आडनावाच्या रकान्यात घालतो. एकच माणूस तीन माणसं होऊन बसतो. इंग्रजीत लिहिताना वैद्य कुणी व्हीने लिहितो, कुणी डब्ल्यूने. ज्ञानेश्वर डीने सुरू होतो, जीने किंवा जेनेसुद्धा. उच्चारावरून नावं जुळवणारी साउंडेक्स नावाची पद्धत आहे, तिचं पेटंट १९१८ चं. ती पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवते आणि पुढच्या व्यंजनांना आकडे देते. त्यामुळे वैद्य एकदा व्ही-३०० होतो, एकदा डब्ल्यू-३००, आणि दोघे कधीच एकमेकांना भेटत नाहीत. म्हणून नुसत्या नावावर जुळणी करायची नाही. नाव, जन्मतारीख आणि पत्ता, तिन्ही लागतात. पत्त्यासाठी इथे प्रत्येक जागेला जास्तीत जास्त बारा आकड्यांचा कायमचा क्रमांक असतो. ‘फ्लॅट २’ आणि ‘पहिला मजला’ हे एकच घर आहे हे त्या क्रमांकाने कळतं.

तारखांतही गोम असते. ०३/०७ तीन जुलै की सात मार्च, हे फाइल कुठून आली त्यावर ठरतं. जुन्या संगणकांत जन्मतारीख माहीत नसली की ०१/०१/१९०० भरून ठेवलेली असते, मग तशी सगळी माणसं एकमेकांशी जुळतात. इथले बँकखाते क्रमांक आठ आकडी. एक्सेलने त्याला संख्या समजलं की सुरुवातीचं शून्य उडतं. म्हणून फाइल दोनदा टिचकी मारून उघडायची नाही. पॉवर क्वेरीतून (एक्सेलमधलंच माहिती आत आणायचं साधन) आणायची, ते रकाने ‘टेक्स्ट’ ठरवायचे आणि मूळ फाइलला हात लावायचा नाही.

लोकांकडून आलेल्या खबरींचं वेगळं. ‘अमक्याने कौन्सिलचं घर पोटभाड्याने दिलंय’ असा निनावी फोन येतो. त्याला तीन बाजूंनी प्रतवारी लावतात. खबर देणारा भरवशाचा, न पारखलेला की बेभरवशाचा, ही तीन. माहिती स्वतः पाहिलेली, ऐकीव पण दुजोरा मिळालेली, नुसती ऐकीव, कशी कळली ते ठाऊक नसलेली, की खोटी वाटणारी, ही पाच. आणि माहिती पुढे देता येते की अटी घालून द्यायची, ही दोन. म्हणून तिला तीन-पाच-दोन म्हणतात. इथली मोठी चूक म्हणजे एकच गजाल तीन तोंडांनी आली की ती तीन पुरावे धरणं. शेजारणीने फोन केला, तिच्या मुलीने अर्ज भरला, नगरसेवकाने पत्र लिहिलं, पण मूळ शेजारीणच.

कौन्सिलचं घर असं पोटभाड्याने देणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा झालं, अप्रामाणिकपणे केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. त्याच कायद्यामुळे बँक, वीज, फोन कंपन्यांकडून माहिती मागता येते, पण ती अधिकार दिलेल्या माणसानेच मागायची. त्याआधी आपल्याच दप्तरात बघायचं: भाडं कुणाच्या खात्यातून येतं, दुरुस्तीसाठी दार कुणी उघडलं, कौन्सिल टॅक्सवर नाव कुणाचं. चोरून पाळत ठेवायला मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते आणि साधारणपणे गुन्ह्याला किमान सहा महिन्यांची कैद होऊ शकत असावी लागते. हा अडसर मला योग्य वाटतो.

माणसं, खाती, घरं जोडणारा नकाशा काढताना पक्का दुवा अखंड रेषेने आणि कच्चा तुटक रेषेने दाखवतात. अहवालात ‘नोंदीत असं आहे’ आणि ‘यावरून असं वाटतं’ ही वाक्यं वेगवेगळी ठेवायची. संशयाच्या विरुद्ध जाणारं जे सापडेल तेही जपून ठेवायचं. १९९६ च्या कायद्याप्रमाणे तपासातलं संबंधित साहित्य राखावं लागतं, आणि आरोपीच्या बाजूचं असेल ते त्याला दाखवावं लागतं. तू या कामात आलास तर मला तुझ्याकडून सगळ्यात आधी हीच सवय हवी.

शिकायचं तर एसक्यूएल (साठवलेल्या नोंदींतून हवं ते काढायची संगणकी भाषा) आणि पॉवर क्वेरी, आणि एका पानात नीट मांडणी करणं. सरावाला ग्रामपंचायतीची किंवा कुणाची खरी माहिती वापरू नकोस. दोनशे खोटी नावं स्वतः तयार कर, त्यांत वीस माणसं मुद्दाम दोनदा घाल, स्पेलिंग बदलून, तारीख उलटी करून, आणि आजोबा-नातवाच्या पाच जोड्याही घाल. किती सापडली, किती चुकीची जुळली आणि का, ते मला लिही.

आता दादासाठी. कौन्सिलांना गंडवण्याचा एक ठरलेला प्रकार असा: ठेकेदाराच्या नावाने मेल येते, ‘आमचं बँकखातं बदललंय’. पुढचं बिल चोराकडे जातं. उपाय एकच, त्या मेलमधल्या नव्हे तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारायचं. हंगामात आंब्यासाठी रिकाम्या पेट्या पुरवणाऱ्याच्या नावाने असाच व्हॉट्सअ‍ॅप आला तर दादाने वहीतल्या जुन्या नंबरवर फोन करावा. आणि मुंबईचं गिऱ्हाईक ‘आगाऊ पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ म्हणालं तर फोन ठेवायचा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० या नंबरवर फोन करायचा. जितक्या लवकर कळवू तितकी ते खात्यात अडण्याची शक्यता जास्त. हा नंबर आजीच्या फोनमध्येही घालून ठेव, मोठ्या अक्षरांत.

आजीला नमस्कार, वहिनीला आठवण सांग. यादी झाली की पाठव.

तुझी आत्या