घाईनं डबे फेकू नकोस

प्रिय मित्रा,

तुझा परवाचा मेसेज वाचला, आणि हे सगळं फोनवर काही नीट बोलून होणार नाही म्हणून आज निवांत लिहायलाच बसलोय. तू म्हणतोस की स्वयंपाकघरातले झाडून सगळे प्लास्टिकचे डबे बाहेर काढलेस, पोत्यात भरलेस, आणि आता ते भंगारात देऊन काचेच्या बरण्या आणि बांबूच्या डब्यांचा अख्खा सेट ऑनलाइन मागवणार आहेस. अरे थांब. ते पोतं आहे तिथंच असू दे, निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी.

तुझी तळमळ मला कळते. पण तो डबा बनून झालाय रे. त्याला लागायचं ते तेल, वीज, गाडीभाडं सगळं केव्हाच खर्च झालंय, तू आज फेकलास तर तो आजच कचरा होणार आणि अजून दहा वर्षं वापरलास तर दहा वर्षांनी होणार, शिवाय तेवढी वर्षं नवी बरणी बनवायला भट्टी पेटवावी लागणार नाही. त्यामुळे धडधाकट डबे परत फळीवर लाव. फक्त त्यात गरम काही ओतू नकोस आणि मायक्रोवेव्हमध्ये घालू नकोस. जे घासून घासून पांढुरके झालेत, आत चरे पडलेत, कितीही धुतले तरी हाताला चिकट लागतात, ते खाण्याच्या वस्तूंसाठी बंद कर, त्यात स्क्रू, बटणं, चार्जरच्या वायरी असलं काहीतरी राहू दे. आमच्याकडे शिवणाचं सगळं सामान अशाच एका जुन्या डब्यात आहे.

आणि भंगारात दिलं की त्याचं नवं प्लास्टिक होतं असं जे आपण धरून चालतो ना, ते आधी डोक्यातून काढ. २०१७ साली एक मोठा अभ्यास आला होता, त्यात १९५० पासून २०१५ पर्यंत जगात बनलेल्या सगळ्या प्लास्टिकचा हिशोब मांडलाय. सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक बनलं, आणि त्यातून जो कचरा झाला त्यातला फक्त ९ टक्के रिसायकल झाला, १२ टक्के जाळला, आणि उरलेला ७९ टक्के कचऱ्याच्या डोंगरांमध्ये नाहीतर उघड्यावर, नदीनाल्यात, समुद्रात. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला खरंच राग आला होता, कारण इतकी वर्षं बाटल्या धुऊन वेगळ्या ठेवत होतो आणि मनात पक्कं होतं की आपलं काम झालं. धुऊन वेगळ्या ठेवायच्याच, ते मी अजून करतो, पण ती अगदी शेवटची पायरी आहे. डब्याखाली तो बाणांचा त्रिकोण आणि आत आकडा असतो बघ, १ ते ७, तो १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्याच संघटनेनं आणला आणि त्यावरून फक्त प्लास्टिकची जात कळते. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचं, २ म्हणजे शाम्पूच्या बाटलीचं जाड, ५ म्हणजे पॉलीप्रॉपिलीन, तुझे बरेचसे डबे त्याचेच असणार. त्रिकोण आहे म्हणजे ते रिसायकल होणारच असं बिलकुल नाही. आणि पाकिटं तर सोडूनच दे, ती चकचकीत पाकिटं प्लास्टिकचे दोनतीन थर आणि अ‍ॅल्युमिनियमचा पातळ मुलामा एकत्र चिकटवून केलेली असतात, ते थर सुटे करणं परवडत नाही म्हणून ती कोणी घेतच नाही.

मग करायचं काय? मी सांगतो मी कुठून सुरुवात केली. एक आठवडा घरातलं एकही प्लास्टिक बाहेर टाकलं नाही, सगळं धुऊन एका खोक्यात जमा केलं आणि शनिवारी दुपारी बाल्कनीत जुना पेपर पसरून त्यावर मांडलं. तूही हे कर, काहीही विकत घ्यायच्या आधी कर. मला वाटलं होतं बाटल्याच बाटल्या निघतील. बाटल्या निघाल्या फक्त तीन. बाकी सगळा ढीग कशाचा, तर पातळ पिशव्या, त्या रोलवरून फाडतात तशा, त्यातल्या काहींच्या गाठी तशाच होत्या म्हणजे आम्ही त्या सोडल्यापण नव्हत्या, सरळ फाडल्या होत्या. मग पार्सलबरोबर आलेले चमचे, सॉसची एवढीएवढी पाकिटं, कुरियरच्या राखाडी पिशव्या, ओल्या वाइप्सचं पाकीट. बायकोनं मोजलं, सत्तेचाळीस नग. आणि त्यातले निम्म्याहून जास्त आमच्या हातात पाचदहा मिनिटंसुद्धा नव्हते. ते बघितल्यावर मला कळलं की मी जो स्टीलचा टिफिन आणि काचेच्या बरण्या घ्यायला निघालो होतो, त्यानं यातला एकही नग कमी होणार नव्हता.

म्हणून आम्ही पहिली गोष्ट धरली पिशवी. आईनं जुन्या बेडशीटच्या सहा पिशव्या शिवल्या, दोन मोठ्या आणि चार छोट्या, छोट्या त्या रोलवाल्या पिशव्यांच्या ऐवजी. तुला पिशवीचा एक किस्सा सांगतो. ही जी बनियनसारखी कानांची प्लास्टिकची पिशवी आहे ना, ती स्टेन गुस्ताफ थुलिन नावाच्या स्वीडिश इंजिनिअरनं काढली, तिचं पेटंट १९६५ चं. त्या वेळी कागदी पिशव्यांसाठी झाडं तुटतात ही काळजी होती, आणि त्यांच्या मुलानं पुढे सांगितलंय की वडील स्वतः एक पिशवी घडी करून खिशात ठेवायचे आणि तीच पुन्हा पुन्हा वापरायचे. म्हणजे बघ, ज्यानं ती केली त्याच्या डोक्यात ती टिकणारी वस्तू होती. पाच मिनिटांत टाकायला आपण शिकलो.

आणि याची उलटी बाजूही आहे, ती तुला सांगितलीच पाहिजे कारण तू बांबूचं आणि कापडाचं सगळं मागवायला निघालायस. ब्रिटनच्या पर्यावरण खात्यानं २०११ मध्ये पिशव्यांचा अभ्यास काढला होता, त्यात नवी सुती पिशवी १३१ वेळा वापरली तर कुठे ती हवामानाच्या हिशोबात एकदा वापरून टाकलेल्या पातळ पिशवीच्या बरोबरीला येते, कारण कापूस पिकवायचा, सूत काढायचं, विणायचं, हे सगळं स्वस्तात होत नाही. तीच पातळ पिशवी घरी आणून कचऱ्याच्या डब्याला लावली तर आकडा जातो ३२७ वर. हा फक्त हवामानापुरता हिशोब आहे, पिशवी नाल्यात तुंबते, गाईगुरांच्या, कासवांच्या पोटात जाते ते त्यात धरलेलं नाही. पण तरी मला तो १३१ डोक्यातून जाईना. मग मी काय केलं, आईच्या शिवलेल्या मोठ्या पिशवीच्या आतल्या बाजूला मार्करनं रेघा मारायला लागलो, एकदा वापरली की एक रेघ, चार उभ्या आणि पाचवी आडवी. तिचं कापड जुनंच होतं, त्यामुळे खरं तर तिला १३१ चा नियम लागू पण नाही, पण मला बघायचं होतं की एक पिशवी इतक्या वेळा आपल्या हातून खरंच वापरली जाते का.

पहिल्या दोन महिन्यांत सात रेघा झाल्या फक्त. पिशवी चांगली होती, इच्छा पण होती, मग अडत कुठे होतं? पिशवी कपाटात असायची आणि मी दुकानात. हे इतकं साधं आहे की लिहितानाही वाटतं यात काय सांगायचं, पण सगळं इथंच अडतं रे. मग एक दाराच्या मागे किल्ल्यांच्या खुंटीवरच अडकवली, म्हणजे किल्ली काढताना पिशवी हलवावीच लागते, एक ऑफिसच्या बॅगेत, एक गाडीत. आणि सामान काढून झालं की पिशवी रिकामी पुन्हा खुंटीवर, ओट्यावर ठेवायची नाही, ओट्यावर राहिली की ती गेलीच. त्यानंतर रेघा भराभर वाढल्या.

बरण्यांचं सांगतो. घरून बरण्या घेऊन सुटं सामान आणायला गेलो तर पहिल्या दुकानात त्यांनी सरळ नाही म्हणून सांगितलं, वजनाचा घोळ होतो म्हणे. त्यांचंही चूक नव्हतं, भरल्या बरणीतून रिकाम्या बरणीचं वजन कसं वजा करणार? आता प्रत्येक बरणीच्या बुडाला रिकामं वजन पर्मनंट मार्करनं लिहिलंय, झाकणासकट किती ते, आणि दुसऱ्या दुकानातला माणूस ते बघून हसत हसत भरून देतो. अजून एक, कापडी पिशवीत धान्य आणायचं पण ठेवायचं नाही, पावसाळ्यात ते सादळलं आणि त्याला किडे लागले, सगळं फुकट गेलं, त्याचं मला फार वाईट वाटलं होतं. घरी आलं की लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात. म्हणूनच म्हणतो, तुझे ते पोत्यातले डबे.

पाण्याची स्टीलची बाटली तुझ्याकडे आहेच. तिला वास येतो म्हणून तू ती वापरत नाहीस असं मागे म्हणाला होतास. झाकण उलटं कर, आत रबराची गोल रिंग दिसेल, ती चमच्याच्या मागच्या टोकानं हळूच उचकटून काढ. खालच्या खाचेत काळपट बुळबुळीत थर असेल. तोच वास. रिंग आणि खाच साबणानं जुन्या टूथब्रशनं घास, पूर्ण वाळू दे, मग परत बसव, आणि बाटली रात्री झाकण उघडं ठेवून पालथी घालत जा. बाटलीत काही वाईट नसतं.

बाथरूममध्ये फारसं अवघड नाही. शाम्पू आणि हँडवॉशच्या जागी वडी घेतली की बाटल्या बंद, आणि तो जो पंप असतो त्यात प्लास्टिकच्या आत धातूची स्प्रिंग असते त्यामुळे तो नीट रिसायकल पण होत नाही. दाढीला स्टीलचा जुन्या पद्धतीचा रेझर, पाती तेवढी बदलायची. वाइप्सच्या जागी जुन्या टीशर्टचे चौकोन, वाइप्स कापडासारखे लागतात पण बऱ्याच वाइप्समध्ये पॉलिएस्टर असतं. टूथब्रश बांबूचा घेतलास तरी केस बहुतेक नायलॉनचेच असतात, टाकताना ते पकडीनं उपटून काढायचे. आणि भांडी घासायचा स्पंज, तो पण प्लास्टिकच आहे, रोज थोडा थोडा झिजून नाल्यात जातो, त्याऐवजी वाळलेल्या घोसाळ्याची जाळी आणलीये, आईला ती पहिल्यापासून माहीत होती, तिला यात नवीन काहीच वाटलं नाही.

‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलेल्या कपांना आणि चमच्यांना भुलू नकोस. त्यातले बरेच पीएलएचे असतात, म्हणजे मका किंवा ऊस यांच्या साखरेपासून बनवलेलं प्लास्टिक, आणि ते कुजायला साधारण ६० अंशाच्या आसपास तापमानाचा कंपोस्टचा कारखाना लागतो. घरच्या कुंडीत ते तसंच पडून राहतं, मी एक चमचा पुरून बघितला, आठ महिन्यांनी काढून धुतला तर जसाच्या तसा.

एका बाबतीत मात्र मी कोणाला काही बोलत नाही. बाबांचे हात आता थरथरतात, त्यांना स्ट्रॉशिवाय पिता येत नाही. स्टीलची स्ट्रॉ दातावर आपटली, हिरडीतून रक्त आलं, आणि मी त्या दिवशी स्वतःवर फार चिडलो की हा हट्ट मी कोणासाठी करतोय. नंतर मऊ सिलिकॉनची मिळाली, ती वाकते, बारीक ब्रशनं आतून धुता येते, आता तीच चालू आहे. पण ती मिळाली नसती तर प्लास्टिकचीच दिली असती आणि कसलंही वाईट वाटून घेतलं नसतं. आजारी माणूस, सलाईनच्या नळ्या, इंजेक्शनच्या सिरिंज, तिथं प्लास्टिक जीव वाचवतं. कमी करायचं ते आपल्या धडधाकट माणसांच्या आळसातलं.

तू विचारलंयस की आपण दोघांनी केल्यानं काय होणार. सगळं आपल्या पिशवीनं होणार नाही, हे मला मान्य आहे. किती प्लास्टिक बनवायचं ते कारखाने ठरवतात आणि त्यांना फक्त कायदा थांबवू शकतो. बांगलादेशनं २००२ मध्ये पातळ पिशव्यांवर बंदी आणली, असं करणारा तो पहिला देश, आणि कारण काय तर गटारं तुंबून पुराचं पाणी ओसरेना. २०२२ च्या मार्चमध्ये नैरोबीला सगळे देश जमून म्हणाले की प्लास्टिकवर जागतिक करार करू. त्यासाठी बोलायचं, मागं लागायचं, मी पण लागतो. पण ते होईपर्यंत घरातले सत्तेचाळीस नग मला रोज दिसतात ना. मागच्या महिन्यात पुन्हा एक आठवडा जमवून मोजले, एकोणीस निघाले, त्यातली बहुतेक पाकिटं आणि औषधांच्या स्ट्रिप्स. त्याच्या खाली कसं जायचं ते मला अजून सुचलेलं नाही, तुला सुचलं तर कळव.

पिशवीवर परवा १३१ वी रेघ मारली. मधे एक कान उसवला होता तो आईनं दुहेरी टाक्यांनी शिवून दिला, सुरुवातीच्या रेघा धुऊन धुऊन फिकट झाल्यात, काही तर मोजताना खिडकीपाशी धरून बघाव्या लागल्या. या पत्राबरोबर त्याच बेडशीटची दुसरी एक पाठवतोय, निळ्या फुलांची, आत अजून काही लिहिलेलं नाही. ती दाराजवळ अडकव. आणि डब्यांचं काय ठरवलंस ते रविवारी फोन करून सांग, मी दुपारी घरीच आहे.

तुझाच