मॉलच्या दारात अडलेला दुसरा डोस : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

ठाणे, २६ ऑगस्ट २०२१

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

११ ऑगस्टच्या आदेशाने राज्यातले मॉल १५ ऑगस्टपासून रात्री दहापर्यंत उघडे ठेवायला परवानगी मिळाली. त्यासाठी आत काम करणाऱ्या आणि आत येणाऱ्या प्रत्येकाचे कोविडच्या लसीचे दोन्ही डोस झालेले हवेत, दुसऱ्या डोसला चौदा दिवस उलटलेले हवेत आणि प्रमाणपत्र व ओळखपत्र दारात दाखवायला हवं, अशी अट आहे. ठाण्यातल्या एका मॉलमध्ये माझा लहान मुलांच्या कपड्यांचा गाळा आहे. अट उठवा असं सांगण्यासाठी मी लिहीत नाही. एप्रिलमध्ये या शहराने काय पाहिलं ते मी विसरलेले नाही. ऑक्सिजनच्या बेडसाठी रात्र रात्र फोन फिरवणारी माणसं आमच्याच इमारतीत होती, आणि त्यातली काही आज नाहीत. लस घ्यायलाच हवी, आणि ती मिळाली म्हणून मी सरकारची मनापासून ऋणी आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही अट पुरी करणं असंख्य लोकांच्या हातातच नाही. त्यांनी टाळाटाळ केलेली नाही. सरकारने आखून दिलेल्या वेळापत्रकाप्रमाणे चालल्यामुळेच ते दाराबाहेर उभे आहेत.

तारखा मांडते. अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांसाठी लसीकरण १ मे रोजी सुरू झालं आणि लसच नाही म्हणून मेच्या मध्यावर आपल्या राज्यात थांबवावं लागलं. तरुणांना महापालिकेच्या केंद्रावर मोफत लस पुन्हा मिळू लागली ती २२ जूनपासून. दरम्यान १३ मे रोजी केंद्राने कोविशील्डच्या दोन डोसमधलं अंतर बारा ते सोळा आठवडे केलं होतं आणि कोविन या सरकारी लस-नोंदणीच्या संकेतस्थळावर ८४ दिवसांच्या आत दुसऱ्या डोसची नोंदणीच होत नाही. म्हणजे २२ जूनला, अगदी पहिल्या दिवशी रांगेत उभं राहून ज्याने डोस घेतला, त्याचा दुसरा डोस लवकरात लवकर १४ सप्टेंबरला. त्यावर चौदा दिवस धरले की २८ सप्टेंबर. हा सगळ्यात नशीबवान तरुणाचा हिशेब झाला. ज्याला जुलैत डोस मिळाला, त्याला ऑक्टोबर उजाडेल.

आता मॉलमध्ये काम कोण करतं ते पाहा. काउंटरवरची मुलं-मुली, बिलिंगवाले, स्टॉक लावणारे, हाउसकीपिंगवाले, दारावरचे सिक्युरिटी गार्ड, फूड कोर्टमधली पोरं. बहुतेक सगळे विशी-तिशीतले. ज्या वयोगटाला लस सगळ्यांत शेवटी खुली झाली, त्याच वयोगटावर मॉल चालतो. म्हणून मुंबई-ठाण्याकडचे बरेच मॉल १५ तारखेला उघडून लगेच पुन्हा बंद झाले. ग्राहक सोडाच, दार उघडायला दोन डोसवाला माणूस मिळेना. मोठ्या ब्रँडना दुसऱ्या शहरातून माणसं आणता येतात किंवा मॅनेजरलाच काउंटरवर उभं करता येतं. माझ्यासारख्या छोट्या गाळ्याला ते जमत नाही.

खासगी रुग्णालयात पैसे मोजून लस घ्यायची होती, असं कुणी म्हणेल. जूनपासून तिथे कोविशील्डचा दर ७८० रुपये आहे आणि कोवॅक्सिनचा १४१०. बारा हजार पगाराच्या, आणि तोही चार महिने धड न मिळालेल्या, मुलीने घरातल्या चौघांसाठी हे पैसे कुठून आणायचे? आणि पैसे भरले तरी कोविशील्डचं ८४ दिवसांचं अंतर तेच राहतं.

माझ्या दुकानातली एक मुलगी दिव्याला राहते. तिने जूनच्या अखेरीस, मिळाला त्या दिवशी पहिला डोस घेतला. त्याआधीचे कित्येक आठवडे ती आणि तिचा भाऊ मोबाइलवर स्लॉट शोधत बसत, आणि स्लॉट उघडला की डोळ्यांदेखत भरून जाई. आज ती मॉलमध्ये पाऊल ठेवू शकत नाही. लोकलमध्येही चढू शकत नाही, कारण तिथेही तीच अट आहे. दिव्याहून ठाण्याला लोकलशिवाय यायचं तर मुंब्रा-शिळफाट्याकडून रस्त्याने यावं लागतं आणि त्यात वेळ आणि पैसा किती जातो ते तिथल्या माणसालाच विचारावं. तिला मी अर्धा पगार देते आहे. तोही किती महिने देता येईल, मला सांगता येत नाही.

आणि ग्राहक? माझं दुकान बाळांच्या कपड्यांचं, त्यामुळे हे मला रोज दिसतं. गर्भवतींना लस घ्यायला केंद्राने परवानगी दिली ती २ जुलैला. तोपर्यंत त्यांनी लस घेऊ नये असंच सरकार सांगत होतं. एखादीने २ जुलैलाच कोविशील्ड घेतली असं धरलं तरी दुसरा डोस २४ सप्टेंबरच्या आधी नाही, आणि मॉलमध्ये प्रवेश ८ ऑक्टोबरला. ज्यांना दुसऱ्या लाटेत कोविड होऊन गेला त्यांना बरं झाल्यावर तीन महिने थांबायला सांगितलं गेलं. एप्रिलच्या मध्यावर बरा झालेला माणूस जुलैच्या मध्यावर पहिला डोस घेतो, त्याचाही दुसरा ऑक्टोबरात जातो. या सगळ्यांनी तुमच्या खात्याच्या सूचना अक्षरशः पाळल्या. त्यांच्याकडे दाखवायला प्रमाणपत्रही आहे, फक्त त्यावर एकच डोस आहे.

महोदय, मला सगळ्यात जास्त खटकतं ते पुढचं. त्याच आदेशाने हॉटेलं पन्नास टक्के क्षमतेने रात्री दहापर्यंत उघडली आणि तिथे येणाऱ्या ग्राहकाला कुणी लसीचं प्रमाणपत्र विचारत नाही. जेवताना मास्क काढावाच लागतो, शेजारच्या टेबलावरचाही काढतो, आणि ठाण्यातली कितीतरी हॉटेलं बंद काचांची, एसी लावलेली आहेत. गोखले रोडला, राममारुती रोडला, जांभळी नाक्याला रविवारी संध्याकाळी खांद्याला खांदा लागतो. तिथल्या ग्राहकालाही काही दाखवावं लागत नाही. त्या दुकानदारांशी माझं काही भांडण नाही. त्यांनीही खूप सोसलं आहे आणि त्यांची दुकानं सुरू झाली याचा मला आनंद आहे. पण एकाच शहरात, एकाच विषाणूसाठी, मास्क काढून बसण्याच्या जागी प्रमाणपत्र नको आणि मास्क लावून फिरण्याच्या जागी हवं, यामागचं वैद्यकीय कारण मला कुठेही वाचायला मिळालेलं नाही. कारण असेल तर ते लोकांना सांगा. लोक ऐकतात. दीड वर्ष ऐकलंच आहे.

मॉल ही बंदिस्त इमारत आहे, हवा आतल्या आत फिरते, म्हणून इथे जास्त काळजी हवी, हा मुद्दा मला मान्य आहे. मग काळजी हवेची घ्यायला हवी ना? केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने २० मे रोजी काढलेल्या सूचनेत स्पष्ट म्हटलं आहे की हवेतले सूक्ष्म कण दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात आणि खेळती हवा हा संसर्ग रोखण्याचा मोठा उपाय आहे. जून २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मॉलसाठी जी नियमावली काढली, तिच्यातही एसीचं तापमान २४ ते ३० अंश, आर्द्रता ४० ते ७० टक्के आणि बाहेरची ताजी हवा होईल तेवढी जास्त आत घ्यावी असं लिहिलेलं आहे. ते आज कोण तपासतं? बाहेरची हवा आत घ्यायची म्हणजे ती थंड करायची आणि थंड करायची म्हणजे विजेचं बिल वाढायचं, त्यामुळे या कलमाकडे दुर्लक्ष होणं सोपं आहे. दारात कपाळावर तापमापक धरला जातो, हातावर सॅनिटायझर पडतं, मोबाइलवरचं प्रमाणपत्र गार्ड लांबून बघतो. लक्षणं नसलेला बाधित माणूस तापमापकात सापडत नाही. प्रमाणपत्रावरचा क्यूआर कोड कोविनवर पडताळून पाहता येतो, पण रांग वाढते म्हणून तेवढा वेळ कुणी देत नाही. आणि दोन्ही डोस घेतलेल्या माणसालाही विषाणूच्या डेल्टा प्रकाराची लागण होऊ शकते आणि त्याच्याकडून ती पुढेही जाऊ शकते, हे आता जगभर दिसतं आहे. लस माणसाला मरणापासून वाचवते, ते तिचं मोठं काम आहे. बंद इमारतीतली हवा तिने शुद्ध होत नाही.

कार्बन डायऑक्साइड मोजणारं साधं यंत्र फार महाग नसतं. माणसांच्या श्वासामुळे आतल्या हवेत तो वायू किती साठला आहे त्यावरून हवा खेळती आहे की कोंडलेली, याचा अंदाज येतो. प्रत्येक मजल्यावर असं यंत्र लावा, आकडा ग्राहकाला दिसेल असा ठेवा आणि ठरावीक पातळीच्या वर गेला की आत सोडणं थांबवा, असा आदेश तुम्ही काढलात तर त्याचा उपयोग मॉललाच नाही, सिनेमागृह, बँका, क्लासेस, सगळ्यांना होईल. तिसरी लाट येणार असं तुमच्याच कोविड कृती दलाचे डॉक्टर सांगत आहेत. ती आली तर पुन्हा सगळं बंद करण्याआधी हातात मोजायला काहीतरी असेल.

मॉल बंद राहिले तर काय होतं हे मंत्रालयातून कदाचित दिसत नसेल. मार्च २०२० ला बंद झाले. राज्याने ५ ऑगस्ट २०२० पासून परवानगी दिली, तीही थिएटर आणि फूड कोर्ट वगळून. या एप्रिलमध्ये पुन्हा बंद. जूनमध्ये जेमतेम तीन आठवडे दार उघडलं, मग डेल्टा प्लसच्या भीतीने २८ जूनपासून पुन्हा कुलूप. रस्त्यावरच्या दुकानाला या काळात निदान दिवसाचे काही तास मिळत होते, आम्हाला तेही नव्हते. गाळ्याचं भाडं आणि मॉलचा मेंटेनन्स मात्र थांबत नाही, फार तर थोडी सूट मिळते. लहान मुलांचे कपडे तर ठेवून चालतच नाहीत. गेल्या वर्षी ज्या मुलासाठी आणलेला कुर्ता-पायजमा होता, तो मुलगा आज दोन साइझ मोठा झाला आहे. गणपतीचा माल, परकर-पोलकी, छोटे धोतीचे सेट, मी उधारीवर उचललेला आहे. गणेश चतुर्थी १० सप्टेंबरला आहे. माझी माणसं आणि माझे ग्राहक मॉलमध्ये येऊ शकतील सप्टेंबर संपता संपता, तेव्हा पितृपक्ष सुरू असेल आणि त्या पंधरवड्यात कुणी नवीन कपडा घेत नाही.

अठरा वर्षांखालच्या मुलांना लसच नाही, मग त्यांनी मॉलमध्ये यायचं कसं, हा प्रश्न आला तेव्हा तुमच्या सरकारने पाच दिवसांत, १६ ऑगस्टला, आदेश बदलला. वयाचा पुरावा दाखवून त्यांना प्रवेश दिला. ज्याला लस मिळूच शकत नाही त्याला लसीच्या अटीवर अडवू नये, हे तत्त्व तुम्ही स्वतःच तेव्हा मान्य केलं. एकोणीस वर्षांच्या मुलीला दुसरा डोस आज मिळूच शकत नसेल, तर तिचा न्याय वेगळा का?

माझ्या विनंत्या अशा आहेत. परदेशी शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्यांना आणि टोकियो ऑलिंपिकच्या पथकाला कोविशील्डचा दुसरा डोस २८ दिवसांनंतर घेण्याची मुभा केंद्राने जूनमध्येच दिली. वैद्यकीयदृष्ट्या ते चालत असेल, तर मॉल, दुकानं, हॉटेलं इथे दिवसभर शेकडो माणसांसमोर उभं राहणाऱ्यांसाठीही तशीच मुभा राज्याने केंद्राकडे मागावी. परदेशी जाणाऱ्याचा व्हिसा महत्त्वाचा असतो, तसा दिव्याच्या मुलीचा पगारही असतो. मुभा मिळाली तर शिबिरं मॉलमध्येच घ्या. मे महिन्यात ठाणे महापालिकेने विवियाना मॉलच्या पार्किंगमध्ये ज्येष्ठांना गाडीत बसल्या बसल्या लस दिली होती, तेव्हा जागा आणि अनुभव दोन्ही शहराकडे आहे.

मुभा मिळेपर्यंत, पहिला डोस घेऊन तीन आठवडे झालेले पण दुसऱ्याची तारीख न आलेले कर्मचारी दर आठवड्याला अँटिजेन चाचणी करून कामावर येऊ शकतील असं करा. चाचणीचा खर्च मॉल आणि दुकानदार वाटून घेतील, निदान मी माझा वाटा द्यायला तयार आहे. तो खर्च पगारातून कापायला मात्र आदेशातच मनाई करा, नाहीतर तो कापला जाईल. गर्भवती आणि कोविडमधून बरे झालेले यांच्यासाठी डॉक्टरांचं पत्र किंवा जुना पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि एक डोस पुरेसा माना. आणि आठ-दहा माणसांपुढे न जाणारी माझ्यासारखी दुकानं किती दिवस बंद होती, हे पाहून भाड्याबाबत मॉलमालकांशी एकदा तरी शासनाने बोलावं. हे तुमच्या खात्याचं काम नाही हे मला माहीत आहे, पण आदेश तुमच्या सल्ल्याने निघतात म्हणून तुम्हाला लिहिते.

चतुर्थीला पंधरा दिवस उरले आहेत. निर्णय सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाला तरी दिव्याहून येणारी माझ्या दुकानातली मुलगी हरतालिकेच्या आधी काउंटरवर उभी राहू शकेल. लोकलचा पास तिला वेगळा लागेल, त्याचाही विचार त्याच कागदात करावा.

आपली विश्वासू,
ठाण्यातील एक दुकानदार